भागुजींच्या गेटची पुढची बाजू

“किती वाट बघायची तुमची? तीन दिवस झाले फोन करून! यूपीएस तिकडे, कोपऱ्यात आहे.”

कल्याणीनं मान वर न करताच बोट दाखवलं. दारातला उंच, सावळा तरुण क्षणभर घुटमळला. मग निमूटपणे कोपऱ्यात जाऊन बसला. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यानं सैल झालेली वायर आवळली. यूपीएस ‘पीक’ करून जागा झाला. हात पुसत तो तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

“झालं? बिल द्या.”

“बिल न्हाई, मॅडम… मी ॲडमिशनला आलोय.”

कल्याणीनं आता कुठे वर पाहिलं. आणि कानापर्यंत लाल झाली.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. मंचरला बियाण्यांच्या दुकानावर सहा कॉम्प्युटरांचा कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, क्लास होता आणि मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली कल्याणी तिथे शिकवायची. यूपीएस दुरुस्त करणाऱ्याचं नाव प्रबुद्ध. हायवेला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. ट्रॉल्या, शटर, ग्रिल… सगळं तो फरशीवर खडूनं काढून बनवायचा.

“पण आता कंपन्या ड्रॉइंग मागत्यात,” तो म्हणाला. “फरशी उचलून कुठं न्यायची?”

लोखंड त्याच्या हातात मेणासारखं वळायचं, पण माऊस काही वळेना. चौथ्याच दिवशी त्यानं घाबरून हाक मारली.

“मॅडम, ट्रॉली गेली!”

“कुठं गेली?”

“काय म्हाईत. मगाशी हितंच व्हती.”

कल्याणीनं वाकून पाहिलं. काळ्या पडद्यावर मधोमध एक पांढरा ठिपका होता. “ही काय तुमची ट्रॉली. फार लांब गेलात तुम्ही. वस्तू जागच्या जागीच असते हो… बघणारा लांब जातो, जवळ येतो, बाजूनं फिरतो.”

तेवढ्यात लाईट गेली आणि थोड्या वेळानं यूपीएसही दमला. कल्याणीनं मग स्टुलावर आपला जेवणाचा डबा ठेवला आणि सगळ्यांना त्याच्याभोवती फिरायला लावलं. वरून कसा दिसतो, बाजूनं कसा दिसतो, एकेकानं सांगायचं. प्रबुद्ध फिरता फिरता नेमका तिच्यासमोर येऊन थांबला.

“सांगा, समोरून काय दिसतं?”

तो तिच्याकडेच बघत राहिला.

“डब्याकडे बघा, डब्याकडे!”

पोरं फिदीफिदी हसली. प्रबुद्धनं मान खाली घातली. डबा मात्र त्यानं शेवटपर्यंत नीट पाहिला नाहीच.

दीड महिन्यात तो बराच तयार झाला. मग एक दिवस स्वतःच्या गिऱ्हाइकाचं काम घेऊन आला. दोन फाळक्यांचं गेट, वर कमान आणि घरमालकाच्या नावाची पट्टी.

“कुणाचं हो?” तिनं सहज विचारलं.

“कळंबचे एक रिटायर ड्रायव्हर हाईत, एसटीतले. भागुजी तात्या. लई घाई करत्यात. रविवारी पोरीला बघायला पिंपरीचं पावणं येणार.”

कल्याणीच्या हातातला खडू थांबला. “पोरगी… काय करते?”

“ते म्हणत व्हते, मंचरला कॉम्प्युटर शिकव—”

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले.

“गेट चांगलं करा मग,” कल्याणी फळ्याकडे वळून म्हणाली.

“करतो की.”

पण गेट काही पुढं सरकेना. आज कमान बदल, उद्या गज बदल. गुरुवारी तर तो तासभर गेट नुसतं मागच्या बाजूनं बघत बसला.

“अहो, गेट रस्त्याकडून बघतात. आतून कोण बघतं?”

“तुमी बघणार,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “पावणं काय, एकदा बघून जात्याल. तुमाला रोज अंगणातनं हेच दिसणार. म्हणून… आतनं बरं दिसाया पायजे.”

कल्याणीला बघायला येणाऱ्यांसाठी घराला रंग दिला होता, नवे पडदे लावले होते. पण तिला काय दिसेल, हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

शुक्रवारी त्यानं प्रिंट आणून दिली. “एकदा तपासा, मॅडम.” तो अगदी शेजारी उभा होता. साबणाचा आणि त्यात मिसळलेला लोखंडाचा वास… तिनं कागदावरून नजर फिरवली आणि सही ठोकून दिली.

शनिवारी दुपारी कल्याणी घरी पोचली तेव्हा अंगणात भागुजींचा आवाज चढला होता.

“अरं, ही कडी बाहेरनं कशी? घराला हाय का कोंडवाड्याला? अन् माझं नाव आतल्या बाजूला! मी काय घरात बसून माझंच नाव वाचू?”

प्रबुद्धचा कारागीर संपत ड्रॉइंग पुढे करत होता. “तात्या, मी रातभर जागून कागदाबरहुकूम केलंय. ह्यात कडीची बाजू ‘पुढची’ म्हणून लिव्हलीय. पुढची म्हंजी रस्त्याची, म्हणून तशी बसवली. बिजागऱ्या सिमेंटात गेल्या, आता चार दिवस हात लावता येणार न्हाई.”

भागुजी शेजारी उभ्या असलेल्या प्रबुद्धकडे वळले. “तीस वर्षं गाडी चालवली मी. पुढची बाजू कंची हे शेंबडं पोरगंबी सांगंल! तुला कळंना?”

प्रबुद्धनं संपतच्या हातातला कागद घेतला. “तात्या, चूक माझीच. मी गेट… आतनं बघत व्हतो. माझ्या डोक्यात तीच पुढची बाजू बसली. जिथं… जिथं मॅडम उभ्या ऱ्हातील, ती.”



“चूक माझीही आहे, अण्णा,” कल्याणी वडिलांसमोर आली. “ड्रॉइंगवर सही माझी आहे.”

“तू तर शिकवतीस! तुझं ध्यान कुठं व्हतं?”

कल्याणीनं प्रबुद्धकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग परत प्रबुद्धकडे.

दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं, द्रौपदाबाईंनी, कपाळाला हात लावला. “आवं, इचारताय काय? दिसतंय की समोर!”

“अण्णा,” कल्याणी हळूच पण ठाम म्हणाली, “पिंपरीच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा.”

भागुजींनी एकदा लेकीला न्याहाळलं, एकदा प्रबुद्धला. मग गेटच्या गजावर मूठ आपटली. जोड जरासुद्धा हलला नाही.

“काम पक्कं हाय,” ते पुटपुटले. “घरी कोण कोण असतं रं तुझ्या?”

“आई. आमी दोघंच.”

“उद्या घेऊन ये तिला. पोहे तसेबी व्हणारच हाईत.”

ते आत गेले. प्रबुद्ध तसाच उभा.

“मॅडम…”

“आता तरी मॅडम नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“नाव माहीत नाही का माझं?”

“म्हाईत हाय… पण क… कल्या…” तो अडखळला आणि दोघंही हसत सुटले.

“भाऊ,” संपत वैतागून म्हणाला, “ह्या गेटचं मग काय करायचं?”

“ऱ्हाऊ दे रं चार दिवस,” आतून द्रौपदाबाईंचा आवाज आला. “सिमेंट वलं हाय. अन् त्यांचं बोलणंबी अजून अर्धंच झालंय.”