हिरवं पान जे सांगत नाही

पाकिटावर हिरवंगार पान होतं, आणि पानाखाली ठसठशीत अक्षरं : ‘शंभर टक्के नैसर्गिक तिळगूळ’. मग नहुषनं हात मागे का घेतले?

शर्वरीला कोडंच पडलं. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत भाजी दिव्यांच्या उजेडात वाढायची, पाणी गाळून गाळून पुन्हा वापरायचं. पृथ्वीवरून असं पानाचं पाकीट आलं की मुलं ते नुसतं हुंगत बसत. त्यातून आज संक्रांत. आठवडाभर दोघांची कट्टी होती. तिळगूळ दिला की भांडण मिटणार, असं ती सकाळपासून मनात घोळवत होती.

“शेंगदाणे असतील गं त्यात,” नहुष पुटपुटला. “मला चालत नाहीत. मागे घसा सुजून श्वास कोंडला होता माझा.”

“अरे, वाच की! नैसर्गिक आहे. वाईट काही घालतच नाहीत यात. सरळ सांग ना, कट्टीच ठेवायचीय म्हणून!”

नहुषचा चेहरा एवढासा झाला. त्यानं पाकिटातला लाडू घेतला, ओठांपाशी नेला...

“थांब रे बाळा!” एक लांब हात मध्ये आला आणि लाडू उचलून गेला. तो हात सामाईक स्वयंपाकघरातल्या रोबो आचारणीचा. ती सारखी खोबरं किसायची, म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं किसणी.

“किसणे, तू मध्ये पडू नकोस!” शर्वरी फणकारली.

“पडणार. मला सांग, शेंगदाणा कुठून येतो? कारखान्यातून?”

“जमिनीतून.”

“म्हणजे नैसर्गिकच. कण्हेरही नैसर्गिक. खाशील?”

“ई! विषारी असते ती.”

“मग? नैसर्गिक म्हटलं की वस्तू कुठून आली तेवढं कळतं. पोटात जाऊन ती काय करेल, ते नाही कळत.”

शर्वरी विचारात पडली. “पण प्रयोगशाळेत केलेलं ते वाईट, एवढं तरी खरं ना?”

“तेही नाही गं. व्हॅनिलाला वास देणारा मुख्य रेणू (पदार्थाचा अतिसूक्ष्म कण) वेलीवरच्या शेंगेतून काढला काय नि प्रयोगशाळेत जुळवला काय, तो तोच. शेंगेत जोडीला आणखी चार वास असतात, इतकंच. आता पाकीट उलटं कर पाहू.”

मागे बारीक अक्षरांत घटकयादी होती (पदार्थात काय काय आहे ते, जे सगळ्यांत जास्त, ते आधी). शर्वरी वाचू लागली. “तीळ, गूळ, शेंगदाण्याचं कूट...” पुढचं तिला वाचवेना.

“नहुषच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना शेंगदाण्यातली प्रथिनं शत्रू वाटतात,” किसणी हळू आवाजात म्हणाली. “ते लढायला धावतात आणि त्या धुमश्चक्रीत घसाच सुजतो. याला म्हणतात अ‍ॅलर्जी (शरीराची चुकलेली ओळख).”

“आणि तरी तू खाणार होतास?” शर्वरीचे डोळे भरून आले.

“तू रागावली होतीस ना,” नहुष म्हणाला.

शर्वरीनं तरातरा जाऊन नवे लाडू करायला परात काढली.

“ती नको,” नहुष घाईनं म्हणाला. “काल तिच्यातच शेंगदाण्याचं कूट काढलं असेल तर? थोडंसं चिकटलेलंही मला पुरतं.”

मग सगळी नवी भांडी निघाली. तीळ तडतडले आणि चंद्रावर खाली ओढणारा जोर कमी, म्हणून थेट छताकडे निघाले. किसणीनं झाकण आपटलं म्हणून वाचले. गुळाचा पाक जरा जास्तच झाला. लाडू वेडेवाकडे वळले गेले.

शर्वरीनं एक पुढे केला. “तीळ, गूळ, तूप. बस्स.”

नहुषनं लाडू अख्खा तोंडात टाकला.

“मोठी झाले ना,” ती म्हणाली, “की असं पाकीट बनवीन, जे उघडण्याआधीच विचारेल, कोण खाणार आहे?”

“बनव,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “तोवर तू विचारत जा.”