ताईच्या पेशी

बस. तुझ्या अर्जावर मी सही करीन, पण आधी ऐकून घे. द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या ज्या कुप्या तू मागते आहेस, त्यांतल्या पेशी माझ्या ताईच्या आहेत.

तिची काखेखालची कॅन्सरची गाठ काढली, ऑपरेशन नीट झालं, आठवड्यात ती घरी आली. गाठीचा एक तुकडा मी मागून घेतला. चोरला नाही. कागदावर तिनंच सही केली. "ने बाई," ती हसत म्हणाली, "माझ्याकडे राहून तरी तिनं कुणाचं भलं केलंय?"

मला जग बदलायचं होतं. सर्जन अंदाजानं कापतो आणि दोन-चार पेशी मागे राहतात, याची मला चीड यायची. त्याला शेवटची पेशीसुद्धा चमकताना दिसली पाहिजे, असं वाटायचं. अजूनही वाटतं.

कृती तुला ठाऊक आहे. लिंबूसत्व आणि युरिया पाण्यात विरघळवायचं, पोलादी भांड्यात घट्ट बंद करून आठ तास तापवायचं. भांडं उघडलं की जळक्या साखरेचा वास येतो आणि कोऱ्या चहासारखं पाणी निघतं. त्यात ग्राफीनचे, म्हणजे कार्बनचे, ठिपके असतात, डोळ्यांना कधीच न दिसणारे. निळा प्रकाश पडला की ते हिरवे उजळतात. पेशी ते गिळते आणि तीही उजळते. पण त्याआधी ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून तीन दिवस शुद्ध पाण्यात टांगायचं असतं, म्हणजे उरलंसुरलं रसायन निघून जातं.

मी एका दिवसात पिशवी काढली. सोमवारी सरांना चित्रं दाखवायची होती, आणि थांबणं मला कधी जमलंच नाही.

शनिवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, पण मायक्रोस्कोपच्या खोलीला खिडकी नाही. मी दार लावलं. काळोखात फक्त दिव्याच्या पंख्याची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. दिव्यापुढचं शटर उघडलं, निळा प्रकाश खालून डिशवर पडला, आणि संगणकाच्या पडद्यावर, ते ठिपके गिळलेल्या ताईच्या पेशी उजळल्या. हिरव्या, शांत, प्रत्येकीच्या मधोमध एक काळा डोह. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला.

"अगं, हिला काहीतरी होतंय... काखेखाली निखारा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणते. ऐकतेस ना?"

मागे ताई किंचाळत होती. बोलताना पेशींवर उजेड ठेवायचा नाही, ही सवय. मी शटर बंद केलं.

"थांबलं," दाजी म्हणाले. "आत्ता थांबलं बघ."

तू काय केलं असतंस? मी शटर पुन्हा उघडलं. किंकाळी. बंद केलं. शांत.

"डॉक्टरांना बोलावू का गं?"

"एक मिनिट, दाजी. फोन ठेवू नका."

तीन नोंदी झाल्याशिवाय ते निरीक्षण नाही, असंच शिकवतात ना आपल्याला? मी वही ओढली, घड्याळ लावलं आणि तिसऱ्यांदा उघडलं. वीस सेकंद. फोनमधून ताईचा आवाज आला, दम लागलेला...

"तिला सांगा... बंद कर म्हणावं..."

"कुणाला सांगू? काय बंद करू?" दाजी रडकुंडीला आले होते.

मी वीस सेकंद पूर्ण केले.

मग पडद्याकडे नीट पाहिलं. पेशी कडा आवरून घेत होत्या, गोल होऊन तळापासून सुटत होत्या. हे उजेडानं होत नाही. हे मी न धुतलेल्या रसायनानं होत होतं. मी डिशमधलं पाणी बदललं, पुन्हा बदललं, बदलतच राहिले. पण विष पेशींच्या आत गेलं होतं.

संध्याकाळी ताईला दवाखान्यात नेलं. जखम स्वच्छ, ताप नाही, डॉक्टरांना काहीच सापडेना. दाजी फोनवर म्हणत होते, "अगं ये ना... तुझंच नाव घेतेय." मी गेले नाही. डिशमध्ये तेव्हा अकरा पेशी तळाला धरून होत्या. पहाटे तीन राहिल्या. रविवारी सकाळी शेवटची सुटली, आणि मी फोन वाजायची वाट बघत बसले. फार वेळ बसावं लागलं नाही.

सोमवारी सर म्हणाले, "बहिणीचं कळलं, फार वाईट झालं. पण काय स्वच्छ चित्रं आहेत गं ही!" ती छापून आली. त्यांच्याच जोरावर मला ही खुर्ची मिळाली.

उरलेल्या कुप्या मी टाकू शकले नाही. ताई कुठे उरली असेल, तर तिथेच.

आता हे सगळं तुला का सांगते आहे ते ऐक. ताईची मुलगी, सात वर्षांची, सुट्टीत माझ्याकडे आली आहे. मंगळवारी दुपारी जेवता जेवता तिचा घास हातातच राहिला. तिनं काखेखाली हात दाबून धरला. रडली नाही. प्रखर दिव्याकडे बघताना करतो तसे डोळे बारीक करून पायांखालच्या फरशीकडे बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "मावशी... खालून कोण बघतंय?"

आपल्या मायक्रोस्कोपची भिंगं डिशच्या खाली असतात, हे त्या पोरीला कुणी सांगितलं असेल?

म्हणून खरं सांग. मंगळवारी तू माझ्या माघारी एखादी कुपी काढलीस, हो ना? मी रागावणार नाही. सही करते, पेशी देते, हवं ते देते. फक्त हो म्हण.

"नाही, मॅडम... मंगळवारी मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेला होता. खोली रिकामीच होती."