रविवार मोजत नाहीत

प्रेमापुढे पर्वत झुकतात, समुद्र वाट करून देतात आणि राजे मुकुट उतरवून ठेवतात, असं जाणकार सांगत आले आहेत. कॅनडातल्या थंडर बे गावातल्या सेंट मोनिका शाळेत ते आलं तेव्हा एका करंडकावरच्या पितळी माणसाचा झाडू तेवढा मोडला.

करंडक कर्लिंगचा होता. बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत पळायचं, असा हा खेळ. थंडर बेमध्ये तो श्रद्धेने खेळतात. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. फियोरेल्ला बासो हनुवटीपर्यंत करंडक रचून जिन्याच्या वळणावरून येत होती. समोरून एक उंच माणूस प्रयोगशाळेचं स्टूल घेऊन आला. पुढचा आवाज तळमजल्यावर ऑफिसात ऐकू गेला.

"नवीन आहात?" तिने जमिनीवर बसूनच विचारलं.

"कालपासून. भौतिकशास्त्र."

"अच्छा… म्हणजे दोन वस्तू एकाच वेळी एकाच जागी राहू शकत नाहीत, हे तुम्ही मुलांना शिकवणार."

"आता प्रात्यक्षिकासकट." त्याने पितळी माणूस उचलून उजेडात धरला. झाडू गेलेला, कमरेत वाकलेला, नजर खाली. "पण वाईट नाही झालं. आता हा किल्ल्या शोधतोय असं वाटतं."

फियोरेल्लाला हसू आलं. तिने ते ओठातच अडवलं, कारण पहिल्या भेटीत परक्या माणसाला हसू देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत ते आपण पाहिलंच नाही, असं ती पुढे सहा महिने सगळ्यांना सांगत होती. करडे होते.

त्याचं नाव ओस्टाप हरिन्चुक. विनिपेगचा, युक्रेनी रीतीचा कॅथलिक, गावाच्या दुसऱ्या टोकाला कांद्याच्या आकाराचे घुमट असलेल्या चर्चमध्ये जाणारा. शाळेने त्याला भौतिकशास्त्र दिलं आणि मोबदल्यात मुलींचा कर्लिंगचा संघही गळ्यात मारला.

फियोरेल्ला इतिहास शिकवायची, पण तिचं खरं साम्राज्य सकाळी पावणेनऊला सुरू व्हायचं. ती शाळेच्या अभिमान समितीची अध्यक्ष होती आणि एकमेव सदस्यही. 'कोणतंही यश लहान नसतं', हे मुख्याध्यापक डोनेलींचं ब्रीद. त्यामुळे सकाळची प्रार्थना संपली की ती ध्वनिक्षेपकावरून यशोगाथा वाचायची. कुणी गणितात प्रांतात दुसरी आली, हेही त्याच सुरात. आणि कुणी सापडलेला हातमोजा परत आणून दिला, हेही.

नव्या प्रशिक्षकाचा संघ हरू लागला, तसा त्या सुराला बहर आला.

"मि. हरिन्चुक यांच्या मुलींनी काल पाहुण्या शाळेला विजयाचा निर्मळ आनंद मिळवून दिला," ती सांगायची. "पाहुणचाराच्या या परंपरेबद्दल त्यांचं अभिनंदन."

मग मधल्या सुट्टीत तो तिला व्हरांड्यात गाठायचा. "मिस बासो, निवेदन सुरेख. माझ्या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा जागा झाला."

"तो तुमच्या तासाला झोपतो, हे माझं यश नाही, मि. हरिन्चुक. तुमचं आहे. उद्या वाचू का?"

डिसेंबर येईपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांची चकमक ऐकायला मुलं आपल्या कपाटांशी उगाच रेंगाळायची, आणि ऑफिसातल्या मिसेस लुओमा टाइप करणं थांबवायच्या. फियोरेल्लाला वाटायचं, आपण या माणसाची जिरवतो आहोत. आपण रोज सकाळी आरशापुढे नवा टोमणा घासूनपुसून का ठेवतो, हा प्रश्न तिने आरशालाही विचारू दिला नव्हता.

आणि मग आला राखेचा बुधवार. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला; त्यात प्रत्येकाने आवडीचं काहीतरी सोडायचं असतं.

शाळेच्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक उपासनेत, फादर ओन्येका म्हणाले, "दरवर्षी तुम्ही चॉकलेट सोडता. देवाला त्याचं काय? त्याला मधुमेह नाही. जे सोडताना हात थरथरेल ते सोडा… आणि सोडलंत तर गावभर सांगू नका. उपवास करावा आणि तोंड धुऊन हसत फिरावं."

फियोरेल्लाच्या कपाळावर राख लागली, आणि त्याच क्षणी तिला कळलं की काय सोडायचं. टोमणे. ईस्टरपर्यंत एकही नाही. हात थरथरला. म्हणजे निवड बरोबर होती.

गुरुवारी सकाळी जिन्यात तो भेटला.

"सुप्रभात, मि. हरिन्चुक," ती म्हणाली.

ओस्टापने मागे वळून पाहिलं — आणखी कुणी हरिन्चुक आहे का.

उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या शुक्रवारी व्यायामशाळेत मासे तळण्याचा कार्यक्रम होता. चर्चची सगळी मंडळी ताटं घेऊन रांगेत उभी होती, आणि ती वाढत होती. "मासा गरम आहे. जपून घ्या," तिने सांगितलं. डॉक्टरांनी हातात तपासणीचा निकाल द्यावा तसं त्याने ते ताट धरलं.

सकाळच्या निवेदनात कर्लिंगच्या मुलींनी 'चांगला खेळ केला' आणि पुन्हा 'चांगला खेळ केला.' अकरावीच्या मुलांनी परस्पर ठरवलं की मिस बासो आजारी आहेत, आणि फादरांकडे त्यांच्यासाठी प्रार्थना नोंदवून टाकली.

सुटका फक्त रविवारी होती. उपवासकाळात रविवार मोजत नाहीत, हे बासोंच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. एका रविवारी ती बंदरावरच्या गोठवलेल्या मैदानावर स्केटिंगला गेली, आणि समोर तो. डोक्यावर कान झाकणारी केसाळ टोपी.

"ही टोपी आहे," ती म्हणाली, "की पाळली आहेस?"

त्याचा चेहरा असा उजळला की जणू कुणी दिवा लावला. मग तासभर… भुरभुर बर्फ पडत होता, सरोवरापलीकडचा डोंगर दिसेनासा झाला होता, आणि तिचा पाय घसरला तेव्हा त्याने तिचं कोपर धरलं. पाय सावरल्यावरही बराच वेळ धरूनच ठेवलं. ती काही बोलली नाही. रविवार असूनही.

सोमवारी ती म्हणाली, "सुप्रभात, मि. हरिन्चुक."

त्याने मान हलवली आणि वाट मोकळी करून दिली. त्यानंतर तो जिन्यात दिसेनासाच झाला. मागच्या दाराने येऊ लागला.

आणखी दीड आठवड्याने, शिक्षकांच्या खोलीत चहा ढवळत तो सगळ्यांना उद्देशून बोलला, पण पाहिलं एकीकडेच. "विनिपेगच्या एका शाळेने बोलावलंय. घराजवळच आहे. येत्या सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचंय."

फियोरेल्लाच्या जिभेवर एकाच वेळी तीन टोमणे आले. 'विनिपेगची थंडी कमी होती का?' हा त्यातला सगळ्यात सौम्य. तो थांबला होता. चमचा कपात थांबला होता. मिसेस लुओमा दारात थांबल्या होत्या.

"अभिनंदन," ती म्हणाली. "त्यांना उत्तम शिक्षक मिळेल."

चमचा पुन्हा ढवळू लागला. त्याने चहा न पिताच कप धुतला आणि तो गेला.

"बाई गं," मिसेस लुओमा म्हणाल्या, "बोलवत नसेल तर निदान शिंकायचं तरी."

फियोरेल्ला त्या दिवशी गाडीत बराच वेळ काचेवरचा बर्फ न पुसता बसून राहिली. टोमणा मारता आला असता तर तो थांबला असता, याबद्दल तिला शंका नव्हती. टोमण्याशिवाय माणसाला कसं थांबवतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सरळ बोलायचं तर मनातलंच बोलावं लागतं, आणि त्याचा तिला सराव नव्हता.

पण फियोरेल्ला बासो हातपाय गाळणारी नव्हे. तिने कॅलेंडर पाहिलं. सोमवारच्या आधी, सृष्टीच्या आरंभापासूनच्या शिरस्त्याप्रमाणे, रविवार येत होता. आणि साधासुधा नव्हे. उपवासकाळाच्या मधोमध येणारा आनंदाचा रविवार. शाळेचा यशगौरवाचा समारंभ दरवर्षी त्याच दिवशी असतो. प्रशिक्षकांना हजर राहावंच लागतं.

त्या दिवशी फादर ओन्येका वर्षातून दोनदाच निघणारा झगा घालून आले. "हा गुलाबी नाही," त्यांनी पहिल्या रांगेतल्या मुलांना बजावलं. "हा गुलाबाचा रंग आहे." व्यायामशाळेच्या टेबलांवर पर्शियनचे खोके उघडले होते. पर्शियन म्हणजे आमच्या गावचा दालचिनी घातलेला, तळलेला गोड पाव, वर बेरीचा जाड गुलाबी थर. थर आणि झगा यांच्या रंगात कणभर फरक नव्हता, पण फादरांना तसं सांगण्याची कुणाची छाती झाली नाही.

गौरव सुरू झाला. कच्च्या शेवयांचा पूल बांधून त्यावर स्वतःच्या धाकट्या बहिणीला उभं करणाऱ्याला पदक मिळालं. हातमोजा परत करणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. वर्षभर एकही दिवस न चुकवल्याबद्दल डेक्लन मर्फीचा सत्कार होता; डेक्लन आला नव्हता.

मग कर्लिंगच्या मुली. त्या चक्क विभागात तिसऱ्या आल्या होत्या. कर्णधार ब्रॉन्विन करंडक असा धरून उभी होती, जणू कुणी तो परत मागेल. ओस्टाप मागे, भिंतीला टेकून, कोट घालूनच. निघायच्या तयारीत.

फियोरेल्लाने माइक जवळ ओढला.

"या संघाचे प्रशिक्षक मि. हरिन्चुक," ती म्हणाली. "आल्या आल्या त्यांनी शाळेचा जुना करंडक मोडला. त्यामुळे नवा आणून देणं त्यांना भागच होतं."

व्यायामशाळेतली कुजबूज थांबली. अकरावीच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रार्थना पावली होती.

"एकदा दगड हातातून सुटला की ओरडून उपयोग नसतो, असं त्यांनी मुलींना शिकवलं. आणि मग प्रत्येक सामन्यात शेवटपर्यंत स्वतः ओरडले. हरल्यावर मुली रडायच्या, तेव्हा हे त्यांना घर्षणाचे नियम समजावून सांगायचे. मुली लगेच गप्प व्हायच्या… कंटाळून." हशा उसळला. ती थांबली. पुढचं वाक्य तिने आरशापुढे घासलेलं नव्हतं. "आणि ज्या दिवशी जिंकल्या, त्या दिवशी हे स्वतः रडले. टोपीत तोंड लपवून. मी बघत होते."

ओस्टापचे कान लाल झाले. त्याने कोट काढला.

पंधरा मिनिटांनी व्यायामशाळेमागच्या स्वयंपाकघरात तो तिच्यासमोर उभा होता. बाहेर पागोळ्यांना लटकलेले बर्फाचे सुळके ठिबकत होते. तिने खोका पुढे केला. आत एकच पर्शियन उरला होता.

"नको. मी गोड सोडलंय," तो म्हणाला. "फियोरेल्ला, हे काय चाललंय? उद्या पुन्हा 'सुप्रभात' का?"

"उद्या सोमवार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे… सांगायचं नसतं. पण मी टोमणे सोडलेत. ईस्टरपर्यंत."

"तेच वाटलं होतं मला! राखेच्या बुधवारनंतर गप्प झालीस तेव्हा वाटलंच. पण मग त्या रविवारी तू माझ्या टोपीला जनावर म्हणालीस. म्हणजे व्रत नाही. पुरावा उलटा पडला. सिद्धांत टाकून दिला."

"आणि नवा कोणता काढलास?"

तो पागोळ्यांकडे बघू लागला. "की एकटी असलीस तर माझ्याशी बोलतेस. शाळेत चारचौघांत बोलायला तुला कमीपणा वाटतो."

फियोरेल्लाने खोका ओट्यावर ठेवला. "अरे, रविवार मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

"सगळे. पोपसुद्धा."

"आमच्या चर्चमध्ये मोजतात. आमची आई उपवासकाळातल्या रविवारी मुरांब्याकडे बघूसुद्धा देत नाही. तुमच्याकडे उपवासाला आठवड्याची सुट्टी असते?"

"राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोज. शेहेचाळीस दिवस भरतात. मग आम्ही चाळीस का म्हणतो? रविवार वजा. तू भौतिकशास्त्राचा शिक्षक ना? साधी वजाबाकी—"

"हा टोमणा होता."

"होता. आज चालतो." मग तिचा आवाज खाली आला. "उद्या चालणार नाही, आणि तुला उद्याच कळवायचंय. म्हणून आजच… जाऊ नकोस."

सुळक्यावरून एक थेंब पडला. 

"हाही टोमणा?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग हे सोमवारीही म्हणता आलं असतं."

"आलं असतं." ती स्वतःच चकित झाली. "मंगळवारीही. कधीही. मला सुचलंच नाही रे…"

ओस्टापने खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे उघडली. तळहातावर बोटभर लांबीचा पितळी झाडू होता.

"ही शाळेची मालमत्ता आहे," ती म्हणाली. डोळे भरून आले की तिला नियम आठवायचे.

"चिकटवणार होतो."

"सप्टेंबरपासून? गोंद मिळाला नाही?"

"पहिल्याच दिवशी मिळाला. पण चिकटवला असता तर परत द्यावा लागला असता." करडे डोळे आता अगदी जवळ होते. "फियोरेल्ला, तुझा टोमणा ऐकला नाही की वाटतं, आज शाळेची घंटाच झाली नाही. विनिपेगला मी नाही म्हणून कळवतो. आई रागावेल. मग तुला बघायला येईल."

"मला? का?"

"तिला गेल्या ऑक्टोबरपासून सगळं माहीत आहे. सांगायचं फक्त तुलाच राहिलं होतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे रोजचं आहे. रविवार धरून."

 तिने त्याचा हात धरला, झाडूसकट. तिच्या बोटांना खोक्यातली गुलाबी साखर लागली होती. पलीकडे डोनेली कुणाच्या तरी हातमोज्याबद्दल बोलत होते, टाळ्या वाजत होत्या, आणि त्या आपल्यासाठीच आहेत अशी तिची खात्री झाली.

"माझंही," ती म्हणाली. "आणि हे उद्याही म्हणेन. सुप्रभातच्या आधी."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग नजर हळूहळू तिच्या खांद्यावरून मागे, ओट्याकडे गेली.

"फियोरेल्ला…"

"बोल."

"ते रविवार मोजत नाहीत म्हणालीस, ते अगदी नक्की ना?"

"अगदी नक्की."

"मग तो पर्शियन जरा इकडे सरकव."