मान दे

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मामाने टेबलावर मान वळवली.

वळवायची नव्हती.

थोड्याच वेळात त्याचा डावा हात लुळा पडला.

मी एका दैनिकाचा कर्जत-खालापूरचा वार्ताहर आहे. ऐकीव गोष्टीपुढे 'असे समजते' लिहायची आम्हाला सवय असते. इथे जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितोय, आणि जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं हे सांगून. 'असे समजते' एकदाही लिहावं लागलेलं नाही. लागलं असतं तर बरं वाटलं असतं.

अमावस्या नव्हती, काळोख नव्हता. गेल्या डिसेंबरातला लख्ख उन्हाचा दिवस होता. ठिकाण खालापूरजवळचं, एक्स्प्रेसवेलगतचं एक मोठं हॉस्पिटल. नाव देत नाही, कारण त्यांची काहीच चूक नाही.

मामाचं नाव वाल्मिक. गाव पोशीर. भातशेती आणि खोपोलीच्या एका कारखान्यातली नोकरी, दोन्ही करून निवृत्त झालेला माणूस. दिवाळीच्या आसपास चहा पिताना त्याच्या हातातून कप सुटला आणि थोडा वेळ शब्द जड झाले. मग सगळं पूर्ववत. पण तपासणीत मानेतली उजवी शीर जवळजवळ बंद निघाली. मेंदूला रक्त नेणारी मोठी शीर.

"मांडीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "शीर फुगवून आत जाळी बसवू. काही कण सुटलाच तर अडवायला वरच्या अंगाला छोटी छत्री उघडतो. तरीही शंभरातल्या दोन-तीन जणांना त्या वेळी झटका येऊ शकतो. हे मी आधीच सांगतेय."

"जाळी हाय, छत्री हाय," मामा म्हणाला. "मंजे माझ्या मानेत मासेमारी करनार तुमी."

सगळे हसले. मामाही हसला, पण खाली बघून. गेली काही वर्षं तो खाली बघूनच हसायचा.

"कानात आवाज येतो का? शीर अरुंद झाली की काहींना सूं सूं ऐकू येतं."

मामाने माझ्या आईकडे बघितलं. आई म्हणजे त्याची धाकटी बहीण, इंदूबाई. तीच घाईने म्हणाली, "हां, घुंई घुंई व्हतं बोलतो."

"उजव्या कानात ना?"

"नाय," मामा म्हणाला. "डाव्या."

डॉक्टरांनी चित्र पुन्हा पाहिलं. "डावी शीर तर स्वच्छ आहे तुमची."

आईने पदर सारखा केला.

मी हे टिपलं, पण विचारलं नाही. घरातल्या माणसांना प्रश्न विचारणं मला जमत नाही.

उपचाराच्या वेळी पेशंटला पूर्ण झोपवत नाहीत. एकच गोष्ट बजावतात, मान हलवायची नाही. मामाचे दोन्ही हात अंगालगत पट्ट्यांनी बांधले होते. मी, आई आणि मामेभाऊ प्रवीण बाहेर बसलो होतो. जाळी बसली. आता शेवटचं चित्र घेऊन छत्री मिटायची, एवढंच बाकी होतं.

तेव्हा मामाने मान डावीकडे वळवली.

आत यंत्र चालवणारा हर्षद नावाचा तंत्रज्ञ आमच्याच भागातल्या कशेळ्याचा निघाला. त्याने नंतर आम्हाला सांगितलं, "सगळं मस्त चाललं होतं. अचानक काका कुणाशी तरी बोलले."

"काय बोलले?" प्रवीणने विचारलं.

"'देतो, बाय.' असंच. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत टाटा-बाय करतायत. आम्ही हसलोसुद्धा."

आई हसली नाही.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला 'बाय' म्हणतात.

आई उठून जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. मी मागे गेलो. तिने माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं.

बाय म्हणजे येसूबाई, माझी मोठी मावशी. लग्नानंतर लवकर नवरा गेला आणि ती माहेरी पोशीरला परत आली. मामाला तिनेच कडेवर वाढवला. आमच्यात नवऱ्या मुलाला हळदीचा पहिला हात आत्याचा. तो मान थोरल्या आत्याचा. प्रवीणच्या लग्नात येसूमावशीने हळद स्वतः कुटली होती. मांडवात ती मामाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, तळहातावर हळद घेऊन.

आणि म्हणाली, "वाल्मिक, मान दे."

मांडव भरलेला होता. मुलीकडची माणसं बघत होती. विधवेचा हात पहिला लागणार का, हे सगळेच बघत होते.

मामाने मान खाली घातली. उजवीकडे वळला. आणि माझ्या आईला म्हणाला, "इंदे, तू लाव."

"आनि मी लावली रं," आई म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मला कुकू ठेवलं व्हतं ना. मी लावली. बाय तशीच हुबी. हात पदराला पुसला तिनं, धुतला नाय."

त्याच वर्षी भातकापणीच्या आधी येसूमावशी तापाने गेली.

"त्या दिवसापासून आयकतो तो. डाव्या कानात. डाक्टरीनबाईसमोर काय सांगू मी? आमची लाज सांगू?"

त्या हळदीला मीही जेवलो होतो. मटण चांगलं झालं होतं, एवढंच माझ्या लक्षात होतं.

झटका आला होता हे एमआरआयने नक्की केलं. मेंदूच्या उजव्या भागात पांढरे ठिपके. जाळी नीट होती, छत्रीही नीट होती, तरी कण गेले होते. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उलट मला आणि प्रवीणला पडद्यासमोर बसवून शेवटचं चित्र दाखवलं.

"आधी शिरेत डाय, म्हणजे रंगाचं औषध, न सोडता एक फोटो घेतो," त्या म्हणाल्या. "मग डाय सोडून बाकीचे. यंत्र बाकीच्यांतून पहिला वजा करतं. दोन्हींत सारखं असेल ते पुसलं जातं, हाडंबिडं सगळं. उरतात फक्त शिरा, काळ्या. मान हलली की वजाबाकी चुकते. म्हणून या जबड्याच्या कडा दिसतायत बघा."

दिसत होत्या. पण त्यांच्याखाली, मानेच्या डाव्या बाजूला...

बोटं होती.

चार एकाखाली एक, मागून पुढे आलेली. अंगठा समोर, गळ्यावर. हळद लावताना मान धरतात तशी.

हाडांची. पांढरी.

"हा कुणाचा तरी हात मध्ये आला असणार," डॉक्टर म्हणाल्या.

"एक्स-रे चालू असताना हात कोण घालेल, मॅडम?" हर्षद म्हणाला. "आणि काकांचे तर बांधलेले होते."

"हा पांढरा का?" मी विचारलं. "शिरा तर काळ्या आहेत."

त्यांनी पडद्यावरच्या बोटांकडे निरखून पाहिलं. मग सरळ उत्तर दिलं. "पांढरं म्हणजे उलटं. पहिल्या फोटोत जे होतं आणि नंतर नव्हतं, ते पांढरं येतं."

म्हणजे मामाने मान वळवण्याच्या आधीच तो हात तिथे होता.

नंतर गेला.

मामा पोशीरला घरी आला. पाय चालत होता, बोलणं ठीक होतं. पण डावी बाजू त्याच्यासाठी संपली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं. डोळे चांगले असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. ताटातला उजवीकडचा भात संपायचा, डावीकडचा तसाच. दाढी उजव्या गालाची. डावीकडून हाक मारली तर ओ नाही.

"बाबा, तुमच्या ताटात अर्धा भात राह्यला," प्रवीणची बायको समीक्षा म्हणायची.

"समदा खाल्ला गं. ताट उचल, नायतर परत वाढशील."

ती ताट फिरवायची. मामा दचकायचा. "आयला, हा कुठून आला?"

आम्ही हसायचो.

एका दुपारी मी गेलो तेव्हा घरात दोघंच होते. मामा ओटीवर खाटेवर, समीक्षा आत. मी दारात चपला काढत होतो, त्याच्या उजवीकडे. मी हाक मारणार, तेवढ्यात...

त्याने डावीकडे बघितलं.

जी बाजू त्याला नव्हती, तिकडे. वर बघितलं. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

आणि मान खाली घातली.

"मामा?"

"आलास? बस." तो माझ्याकडे वळला. "ती बोलत नाय जास्त. एवढंच बोलते, मान दे."

समीक्षा टॉवेल घेऊन बाहेर आली. त्याची मान पुसली. टॉवेल माझ्यासमोर धरला.

पिवळा होता.

"रोज," ती हळू म्हणाली. "डाव्या बाजूलाच. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आमटी लागली असेल. आमटी लागायला हात तर उजवाच चालतो, दादा. डावी मान बाबांना सापडत पण नाही."

मी टॉवेलचा वास घेतला. कच्ची हळद. आता कुटल्यासारखी.

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मान मागते ना, मंग देऊ तिचा मान." तिने स्वतः हळद कुटली. मामाच्या डाव्या बाजूला पाट मांडला. त्यावर साडी, खण, नारळ, शेजारी वाटीत हळद. प्रवीणला पाटासमोर बसवलं, लग्नात बसला होता तसा. भावकीतल्या चार बायकांना बोलावलं. ज्या मांडवात होत्या, त्यांनाच. मी कडेला उभा होतो.

"बाय, चुकलं आमचं," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "तुजा मान व्हता. मी घेतला. आता पयला हात तुजा."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

मामा डावीकडे तोंड करून बसला होता. बराच वेळ. मग त्याने नकारार्थी मान हलवली, दुसऱ्या कुणाचं उत्तर सांगावं तशी.

दुसऱ्या दिवशी वाटीतली हळद सुकून तडकली होती. तिला बोट लागलेलं नव्हतं.

पण मामाची मान स्वच्छ होती. त्या दिवशीही, पुढेही. टॉवेल पांढरे निघू लागले. आई देवळात जाऊन आली. मीही म्हटलं, संपलं.

आपल्या भाषेत मान दोन आहेत. एक मिळतो, एक खांद्यावर असते. 'माझा मान दे' म्हटलं तर एक, 'तुझी मान दे' म्हटलं तर दुसरी. येसूमावशी नुसतं 'मान दे' म्हणत होती. आम्ही सगळ्यांनी आपल्याला परवडेल तो अर्थ घेतला होता.

गेल्या आठवड्यात मामाची सोनोग्राफी झाली, मानेची. उजवीकडची जाळी उत्तम. डॉक्टरांनी यंत्र डावीकडे नेलं आणि तिथेच थांबल्या.

डिसेंबरात स्वच्छ असलेली डावी शीर जवळजवळ बंद आहे.

"इतक्या लवकर असं होत नाही," त्या म्हणाल्या. "आत चरबी साठलेली दिसत नाही. बाहेरून दाबल्यासारखी वाटते. पण दाबणारं काही दिसत नाही."

सीटी स्कॅननेही तेच सांगितलं. थांबण्यात धोका आहे. उपचारातही आहे, या वेळी बोलणं जाऊ शकतं. प्रवीणने होकार दिला आहे.

काल दुपारी मामाचा फोन आला. तो स्वतःहून फोन करत नाही, डाव्या बाजूचे आकडे त्याला दिसत नाहीत. समीक्षाला विचारलं, तिने लावून दिला नव्हता.

"तुझ्या आयशीला सांगू नको," तो म्हणाला. "रडंल ती."

"काय झालं, मामा?"

"बाय आज एक सबुद जास्ती बोलली."

मी फोन कानाला घट्ट धरला. त्याच्या श्वासामागे काहीतरी होतं. सूं... सूं... एका लयीत, नाडीसारखं.

"कुठला शब्द?"

"आजपातूर नुसतं मान दे, मान दे. आज पुढं लावलं तिनं." तो लाजल्यासारखा थांबला. "तुजी."

फोन बंद झाला.

गुरुवारी तेच टेबल आहे. वेळ अकराची मिळाली आहे.