सहावा थेंब

सकाळी नऊला थर्मास यायचा. त्यात कोमट मिठाच्या पाण्यात मेंढ्यांची अंडाशयं असायची, कत्तलखान्यातून दोन तासांच्या आत आणलेली. मी सुईने त्यांतलं पाणी ओढायची, सूक्ष्मदर्शकाखाली कच्ची बीजांडं वेचायची आणि डिशमध्ये तेलाखाली ठेवलेल्या थेंबांत सोडायची. पाच थेंब, प्रत्येकात दहा बीजांडं. थेंबांत ग्रोथ फॅक्टर घातलेला असे, म्हणजे बीजांडाला ‘आता पिक’ असं सांगणारं प्रथिन. मग चोवीस तास इन्क्युबेटरमध्ये, साडेअडतीस अंशांवर.

सहावा थेंब रिकामा. त्यात बीजांड नाही की फॅक्टर नाही. द्रावण नासलं तर तिथे आधी कळतं, हा सरांचा जुना नियम.

तीन वर्षं मी हेच करत होते आणि गेले चार महिने एकही बीजांड पिकत नव्हतं. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या शुक्रवारी समिती येणार होती. आकडे नसले तर प्रकल्प बंद आणि मी घरी. बहिणीने फोनवर विचारलंच, “अजून अंडीच उबवतेयस का गं?” मला हसू आलं नाही.

मंगळवारी सहाव्या थेंबात एक बीजांड दिसलं.

“मोजायला चुकलीस,” सर म्हणाले.

“सर, पाचही थेंबांत दहा-दहा आहेत.”

“मग वेचताना एक जास्त घेतलंस. तिसऱ्या वर्षाला हे शोभत नाही.”

मी दातओठ खात डिश ब्लीचमध्ये बुडवली आणि फेकून दिली.

गुरुवारी नवी डिश, नवा पिपेट. काचसामान धुणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी शेजारी बसवून बीजांडं मोठ्याने मोजली होती, दोनदा. पाच थेंब नेहमीसारखे ढिम्म. सहाव्यात मात्र एक बीजांड, आणि तेही पिकलेलं. कडेला पिकल्याची खूण असलेला इवलासा गोळा होता.

ज्यांना मी भरवतेय ती हलत नाहीत, आणि ज्याला कुणी विचारलं नाही ते पिकतंय! मला रडूच आलं.

शनिवारच्या डिशमध्ये सहाव्या थेंबात दोन पेशी होत्या. सोमवारच्या डिशमध्ये तुतीच्या फळासारखा घट्ट गोळा. मेंढा सोडाच, वीर्याचा थेंबही त्या खोलीत कधी आला नव्हता. दर वेळी मी डिश नष्ट करत होते आणि फेकलेलं बीजांड पुढच्या डिशमध्ये तिथूनच पुढे वाढत होतं. सरांना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या लेखी मला आधीच मोजता येत नव्हतं.

बुधवारी माझी चूक सापडली. फॅक्टरची नवी बाटली उघडल्यापासून तो पातळ करताना मी नुसतं पाणी वापरत होते. सोबतीला दुसरं साधं प्रथिन नसलं, तर एवढासा फॅक्टर प्लास्टिकच्या नळीलाच चिकटून बसतो. चार महिने मी बीजांडांना पाणी पाजत होते. चार महिने! नळ्यांचा अख्खा स्टँड भिंतीवर आपटावासा वाटला.

शुक्रवारी सकाळी डिश उघडली. पन्नासांतली एक्केचाळीस पिकली होती.

“बघ, मी म्हणत नव्हतो?” सर चक्क हसले. काय म्हणत होते देव जाणे. समितीने एक वर्ष वाढवून दिलं.

सगळे गेल्यावर मी सहावा थेंब पाहिला. त्यात एक पारदर्शक कवच होतं, एका बाजूने चिरलेलं. आत काही नव्हतं. सगळा थेंब शोधला. बाहेरही काही नव्हतं.

त्यानंतर सहावा थेंब रिकामाच राहतो. बाकीची बीजांडं छान पिकतात. मला आनंद व्हायला हवा.

काल मावशी इन्क्युबेटर पुसत होत्या.

“ताई, ह्या काचेचं काय करू? आतून पुसते, दार लावते, की परत वाफ धरतेय.”

त्या दाराची काच तापलेली असते. तिच्यावर वाफ धरत नाही.

मी वाकून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, वाफेचा गोल डाग होता. तो पुसट व्हायचा. परत उमटायचा. एका लयीत.

“सोमवारी नाण्याएवढा होता,” मावशी म्हणाल्या.

मी बाहेरून त्यावर तळहात ठेवला. डाग त्याखाली मावला नाही.