वाराच्या जागी चांदणी

आमच्या न्सुआसे गावच्या पंपघरात एक जुना संगणक होता, तो मी सांभाळायचो. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी ओढून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, हे त्याला नेमून दिलेलं रोजचं काम. एका ओळीत पंप सुरू करायची वेळ लिहायची आणि तिच्यापुढे वारांचे आकडे. रविवार शून्य, सोमवार एक, असे. आमच्या ओळीत चार नव्हता. चार म्हणजे गुरुवार. गुरुवारी आमची नदी विसावा घेते. तिचं पाणी कोणी काढत नाही, तिच्यात कोणी कपडे धूत नाही.

मी असलं काही मानत नाही. पण त्या दिवशी पंप बंद, म्हणून बादूमामा लोखंडी शिडीने विहिरीत उतरायचा आणि पाइपाच्या तोंडावरच्या जाळीतला पाला काढायचा. पंप चालू असला तर ती जाळी माणसाचा पाय सोडत नाही. आमच्यात भाचा मामाचा असतो, बापाचा नाही. मला त्यानेच वाढवलं. चार वगळायला एवढं कारण मला पुरेसं होतं.

मग राजधानीतून, आक्राहून नवे व्यवस्थापक आले, फ्रिम्पाँगसाहेब. टोकदार बूट, नाकाला रुमाल.

"गुरुवारी काय गाव थुंकी गिळून राहतं?"

"गुरुवारी मामा विहिरीत असतो, साहेब."

"मग रविवारी उतरू दे त्याला."

दारात मक्याचे केंके आणि मासळी खात बसलेला मामा हसला. "रविवारी चर्चमध्ये बायकोला मी शेजारी लागतो, साहेब. गुरुवारी या नदीला. दोघींना सांभाळतोय, वार नका बदलू."

साहेब हसले नाहीत. माझी खुर्ची सारून त्यांनी स्वतःच आकडे खोडले आणि तिथे एक चांदणी टाकली. चांदणी म्हणजे रोज.

त्यांची गाडी वळणाआड गेली तसे मी आकडे परत लिहिले. विहिरीत कधी न डोकावलेला माणूस मला वार शिकवणार?

बुधवारी पाहिलं तर चांदणी परत आलेली. साहेब आक्राला, पंपघराची किल्ली माझ्या कमरेला. मी चांदणी काढली. गुरुवारी सकाळी ती परत तिथेच होती.

मी आकड्यांचा नाद सोडला. भिंतीवरच्या पेटीतून मोटरचे फ्यूज उपसून खिशात घातले.

"आज नको उतरू, मामा."

"तुझ्या डब्याला भिऊन? फ्यूज कुठायत?"

"खिशात."

"मग झालं तर." आणि तो उतरला.

मी पडद्यासमोर बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, बकऱ्या भिंतीला अंग घासत होत्या. पडद्यावर ओळ उमटली: काम सुरू.

मोटरवर हात ठेवला. थंडगार. आवाज नाही, थरथर नाही. फक्त पाणी मोजणाऱ्या तबकडीचा काटा हळूहळू वर चढत होता.

"आसामोआ." विहिरीतून मामाचा आवाज आला. "पंप बंद कर."

"बंदच आहे."

"मग पाय कोण ओढतंय?"

मी धावलो. मामा दोन्ही हातांनी शिडीला धरून होता. जाळी पार पलीकडच्या भिंतीला. पाणी कमरेएवढं आणि गुळगुळीत. वरचं एकही पान हलत नव्हतं.

मी पालथा पडून त्याचं मनगट धरलं. ती ओढ हिसक्याची नव्हती. एकसारखी होती, यंत्रासारखी. तिला घाई नव्हती.

मग ती थांबली, आणि मामा वर आला.

आत पडद्यावर लिहिलं होतं: काम पूर्ण.

मी चांदणीची ओळच पुसली. मग संगणक अंगणात आणून कुऱ्हाडीने फोडला. साहेबांनी नोकरीवरून काढलं. म्हणाले, अडाणी आहेस. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी तुम्ही उतरा विहिरीत.

मामा परत नदीकडे गेला नाही. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, खडकावर. अंगणात पाण्याचा टिपूस नाही.

पुढच्या गुरुवारी तो बाकावर बसून सुरण खात होता. ताटली खाली ठेवून म्हणाला, "आसामोआ, सुरू झालं."

त्याच्या टाचा जमिनीवर घासत नदीच्या दिशेने सरकत होत्या. मी मनगट धरलं.

त्या दिवशी मी एकटा पुरलो. आता दर गुरुवारी आम्ही चौघं लागतो.

आज बुधवार. मामाने बाजारातून जाड दोर आणलाय. गाठ कशी बसते ते स्वतःच्या कमरेला बांधून पाहिलं आणि मला विचारलं, "आपल्या गल्लीत अजून धडधाकट माणसं किती आहेत रे?"