बारा लाख चावे

"ह्या डब्यात काय हाये मॅडम?"

"दात."

"कोणाचे?"

"तुमचे नाहीत ना? मग ठेवा गपचूप!"

चंदनशी माझं पहिलं बोलणं हे असं झालं. भर मे महिना, अकोल्याहून एसटीत भाजत आलेली मी, आणि अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशाळा सांभाळणारा हा... मी चिडले तरी हसतच होता.

मी प्रणाली, दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला. तुटक्या दातावर आधी भराव उभारतात, मग त्यावर कॅप. बाबांची कॅप एकदा भाकरी खाताना भरावासकट हातात आली, तेव्हापासून टिकाऊ भरावाचा मी ध्यास घेतला होता. "तुझा नवा भराव दोन वर्षंही टिकायचा नाही," असं आमचे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. मला अस्सा राग आला होता!

चावल्यासारखा दाब देणाऱ्या चंदनच्या मशीनवर सोळा दात लावले. आठांत नेहमीचा भराव, आठांत माझा, वर सगळ्यांना कॅप. बारा लाख चावे म्हणजे माणसाचं पाच वर्षांचं चावणं, ते मशीन बारा दिवसांत उरकणार होतं. मधेच बंद पडलं तर चाचणी बाद, आणि माझे सहा महिने पाण्यात.

चंदन रोज संध्याकाळी फोनवर आकडा सांगायचा. पाचव्या संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं झाले आपल्याले. अजून एकबी भांडण नाई."

"आपल्याला?"

"म्हंजे... दातांले."

फोन ठेवल्यावर मी उगीचच आरशासमोर जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच फोनकडे बघत बसले, इतकी मी वेडी झाले होते.

दहाव्या दिवशी फोन दुपारीच आला. "मोटर लय तापून राह्यली. बंद पडते का काय..."

मिळेल त्या एसटीनं धावले. बघते तर मशीन सुरू! समोर घरघरणारा मोठा कूलर, आणि घामानं निथळत त्यात बादलीनं पाणी ओतणारा चंदन.

"कूलर कुठून आणला?"

"घरून."

"आणि घरचे?"

"उकडून राह्यले..."

रागवावं की रडावं, कळेना. मी त्याच्या हातातली बादली घेतली.

बाराव्या दिवशी आकडा पूर्ण झाला. कॅप काढून एकेका दातावर भिंग धरलं. नेहमीचे पाच भराव कॅपखाली तडकले होते. माझे... एक, दोन, सहा...

"आठच्या आठ शाबूत!" मी ओरडलेच. आनंदाच्या भरात चंदनचा हात कधी धरला, कळलंच नाही. त्यानंही सोडवला नाही.

तेवढ्यात दार ढकलून त्याची आई, बेबीताई, आत आल्या.

"कोनाच्या दातापायी दोन दिवस मले भाजून काढलं रे?"

चंदनचे कान लाल. मग मीच पुढे झाले.

"माझ्या, काकू. आणि मला चंदन आवडतो. दात नेतेच आहे, आता तुमचा मुलगाही नेईन म्हणते."

बेबीताईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ने वं माय, खुशाल ने," त्या म्हणाल्या, "पन कूलर ठेवून जाय!"